जुन्या एमजीबीचे बोल्ट निवडताना

गाडी खड्ड्यातून गेली की पुढच्या डाव्या चाकाकडून एक कोरडा 'टक्' असा आवाज येत असे, आणि ब्रेक दाबला की तोच आवाज पुन्हा एकदा, जरा खालच्या पट्टीत ऐकू येई. गाडी १९६६ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या टपाची गाडी. या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये तरफेचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतो आणि त्याचाच हात वरच्या विशबोनचे, म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणाऱ्या दुबेळक्या दांडीचे, काम करतो. त्यामुळे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आडव्या बीमवर ढिला झाला, तर केवळ हादरे शोषणे कमी होते असे नाही. चाकाचा कोन धरून ठेवणारा वरचा आधारच हलू लागतो. मला हे पुस्तकी माहीत होते. तरीही आवाज सांध्यांतल्या रबरी बुशांचा, म्हणजे अस्तरांचा, असणार असे धरून मी दोन महिने गाडी चालवली, याची आजही लाज वाटते.

शेवटी चाक काढून शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या एका बोल्टला पाना लावला, तेव्हा काही जोर न लावताच डोके हातात आले. डोक्याखाली जेमतेम अर्धा इंच दांडा होता. उरलेला भाग बीममध्येच अडकलेला. तुटलेला पृष्ठभाग पुसून भिंगाखाली धरला. अर्ध्याहून अधिक भाग गुळगुळीत, जवळजवळ घासून चमकवल्यासारखा होता आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा एकाबाहेर एक वक्र रेषा होत्या. उरलेला कोपरा मात्र फोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखा खरबरीत होता. म्हणजे बोल्ट एका झटक्यात तुटला नव्हता. आट्याच्या, म्हणजे बोल्टावरच्या पेचाच्या, तळाशी एक बारीक चीर पडली, ती हजारो हिसक्यांसरशी तसूतसूने आत सरकत गेली, आणि उरलेल्या कोपऱ्याला भार पेलवेना तेव्हा तो एकदम फाटला. धातूचा थकवा म्हणतात तो हाच. डोक्याच्या माथ्यावर कसलीही खूण नव्हती, अक्षर नव्हते, रेघ नव्हती. शेजारच्या बोल्टांच्या माथ्यावर मात्र बनवणाऱ्याचे नाव आणि 'एस' हे अक्षर स्पष्ट दिसत होते. माझ्या आधी कोणीतरी एक बोल्ट हरवला होता आणि हाताला लागलेला दुसरा बसवला होता. तो बसला होता आणि आवळलाही गेला होता. काही वर्षे त्याने कामही केले होते.

त्या अर्ध्या इंचाच्या तुकड्यामुळे बोल्टाकडे पाहण्याची माझी दृष्टी पार बदलली. तोवर मी बोल्टाला एक जाड खिळा समजत होतो, दोन वस्तू एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून आरपार घातलेला. प्रत्यक्षात आवळलेला बोल्ट ही ताणलेली स्प्रिंग असते. नट फिरवताना दांडा सूक्ष्म प्रमाणात लांब होतो, पूर्ववत होण्यासाठी ओढ घेतो, आणि त्या ओढीने दोन्ही भाग एकमेकांवर इतके दाबले जातात की त्यांच्यातले घर्षणच बहुतेक भार वाहते. जोड असा घट्ट दाबलेला असेल, तर चाकाच्या प्रत्येक हिसक्यातला अगदी थोडा हिस्सा बोल्टापर्यंत पोचतो. दाब कमी पडला की जोड उघडमीट करू लागतो, सगळा हिसका बोल्टावर येतो, आणि थकव्याची चीर सुरू होते. मऊ पोलादाच्या बोल्टाला पुरेसे आवळताच येत नाही, कारण पुरेसा ताण येण्याआधीच तो कायमचा लांबतो. माझा बोल्ट कमजोर होता हे खरे. पण तो तुटला तो त्याच्यात पुरेसा ताण धरून ठेवण्याची ताकद नव्हती म्हणून.

बीममध्ये अडकलेला तुकडा मधोमध भोक पाडून, उलट्या आट्यांच्या एक्स्ट्रॅक्टरने काढला. त्यात एक दुपार गेली. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. मग ठरवले की पुढचे सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेक यांचा एकूण एक बोल्ट बाहेर काढून तपासायचा आणि शंका आली की बदलायचा. प्रत्येक जोडाचे छायाचित्र घेतले, प्रत्येक बोल्ट त्याच्या नट-वॉशरसह वेगळ्या पिशवीत घातला आणि पिशवीवर जागा लिहिली. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते केले नसते तर पुढचे काहीच कळले नसते, कारण कोणता बोल्ट मूळचा आणि कोणता नंतर आलेला हे जागेसकट पाहिल्यावरच उमगते.

पहिला इशारा पान्यांनीच दिला. या गाडीचे बहुतेक बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत: पाव इंचाच्या बोल्टाच्या डोक्याला ७/१६ चा पाना लागतो, ५/१६ ला अर्ध्या इंचाचा, ३/८ ला ९/१६ चा. कारखान्यातल्या बोलीत ५/१६ म्हणजे अडीच सूत आणि ३/८ म्हणजे तीन सूत. काही डोक्यांवर मात्र अर्ध्या इंचाचा पाना चढेना आणि १३ मिलिमीटरचा चपखल बसे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, फरक एका केसाचा, पण तेवढ्यावरून कळते की हा बोल्ट दुसऱ्या घराण्यातला आहे. उलट १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या डोक्यावर बऱ्यापैकी बसतो आणि जोर लावला की कोपरे गोल करतो. गाडीतली अनेक डोकी अशीच गोल झालेली होती, म्हणजे आधीच्या हातांकडे इंचाचे पाने नव्हते.

आट्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची निघाली. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली ५५ अंशांच्या कोनाचे आटे सुचवले आणि त्याच कोनावर पुढे बारीक आट्यांची बीएसएफ ही मालिका आली. अमेरिकेत ६० अंशांचे आटे रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडची यंत्रसामग्री एकमेकांना उपयोगी पडेना, तेव्हा १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांची एकच पद्धत मान्य केली. तिच्यातले बारीक आटे म्हणजे यूएनएफ आणि भरड आटे म्हणजे यूएनसी. १९६२ साली आलेली एमजीबी या करारानंतरची असल्याने तिच्यात मुख्यतः यूएनएफ आढळते. पण 'मुख्यतः' या शब्दावर फार विसंबू नये. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत विजेची उपकरणे, कार्ब्युरेटर आणि डॅशबोर्डवरची घड्याळे यांच्यात बीए नावाचे, साडेसत्तेचाळीस अंशांचे छोटे स्क्रू सर्रास असत. त्यातला २ बीए हा १०-३२ मापाच्या यूएनएफ स्क्रूच्या इतका जवळचा आहे की दोन-तीन फेरे बिनतक्रार फिरतो आणि मग पितळेचे आटे खरवडून टाकतो. याच कंपनीच्या आधीच्या टीसी गाडीची तऱ्हा तर आणखी न्यारी: इंजिनाचे आटे मिलिमीटरचे, पण बोल्टांची डोकी व्हिटवर्थच्या पान्यांची. त्या मानाने माझे दुखणे सोपे होते.

आटे मोजण्याचे पात्यांचे गेज आणि जाडी मोजण्याचे व्हर्नियर ही दोन साधने घेऊन मी पिशव्या उघडत गेलो. ५/१६ यूएनएफला इंचाला २४ आटे असतात, यूएनसीला १८. आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टाचा आटा सव्वा मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला वीसच्या आसपास. जाडी पाहावी तर ५/१६ म्हणजे ७.९४ मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना, किंबहुना नुसत्या व्हर्नियरलाही, हे तिन्ही बोल्ट सख्खे भाऊ वाटतात. डायनामोच्या ब्रॅकेटवर मला असाच एक संकर सापडला: बोल्ट ५/१६ यूएनएफ आणि त्यावर आठ मिलिमीटरचा नट. दोन फेरे तो सहज गेला असणार, मग अडकला असणार, आणि अडकण्यालाच कोणीतरी 'घट्ट झाला' असे समजले. काढल्यावर नटातून बारीक कुरळे तार निघावेत तसे आट्यांचे अवशेष निघाले. अडकणे आणि आवळले जाणे यांतला फरक पान्यातून हाताला कळतो: आवळला जाणारा नट बोटांनी शेवटपर्यंत फिरतो आणि मग थोड्याशा फेऱ्यातच एकदम ताठर होतो; चुकीच्या आट्यांचा नट सुरुवातीपासून कुरकुरत, रेटत जातो. तेव्हापासून माझा नियम असा की जो नट बोटांनी तळापर्यंत जात नाही त्याला पाना लावायचा नाही. अर्थात लॉक नट याला अपवाद, कारण त्यांची कुरकुर मुद्दाम ठेवलेली असते.

याच्या नेमकी उलट चूक ब्रेकच्या नळ्यांत होऊ शकते आणि ती अधिक भयंकर आहे. एमजीबीच्या ३/१६ इंची ब्रेक-नळीचा नट ३/८ यूएनएफचा असतो, इंचाला २४ आट्यांचा. नव्या गाड्यांत त्याच जागी दहा मिलिमीटर जाडीचा आणि एक मिलिमीटर आट्याचा नट येतो. दहा मिलिमीटरच्या भोकात ३/८ चा नट घातला तर तो अडत नाही. सहज आत जातो, कसाबसा धरतो, आणि ब्रेकच्या दाबाखाली किंवा शेवटच्या आवळणीत आटे सोडून देतो. अडणारी चूक स्वतःहून बोभाटा तरी करते. म्हणून नळ्यांचे नट आणि जोडाचे तुकडे मी एकाच मालिकेचे, एकत्र घेतले आणि प्रत्येक नट गेजवर धरून पाहिल्याशिवाय लावला नाही.

आट्यांचा निकाल लागल्यावर प्रश्न आला पोलादाच्या प्रतीचा. माझ्या मूळ बोल्टांवरचे 'एस' हे अक्षर जुन्या ब्रिटिश मानकातले आहे आणि त्याचा अर्थ दर चौरस इंचाला ५० टन ताण सहन करणारे पोलाद, म्हणजे साधारण ७७० मेगापास्कल. आज त्याच्या सर्वांत जवळ येते ती अमेरिकी ग्रेड ५: माथ्यावर तीन रेघा, तुटण्याची मर्यादा दर चौरस इंचाला १,२०,००० पौंड, आणि कायमचा न लांबता सहन होणारा प्रूफ ताण ८५,००० पौंड. मिलिमीटरच्या जगात साधारण याच जागी ८.८ हा आकडा येतो. त्यातला पहिला ८ म्हणजे ८०० मेगापास्कलची तुटण्याची मर्यादा आणि दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, तो कायमचा लांबू लागतो. ग्रेड ८ याहून वरची: माथ्यावर सहा रेघा, १,५०,००० पौंड. माथ्यावर रेघाही नाहीत आणि बनवणाऱ्याची खूणही नाही अशा बोल्टांसाठी मी एक वेगळा डबा केला आणि त्यातला एकही गाडीच्या भार वाहणाऱ्या जागी परत गेला नाही. नुसत्या रेघांवरही विश्वास टाकू नये. अमेरिकेत बनावट खुणांच्या बोल्टांचा इतका सुळसुळाट झाला होता की १९९० साली त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. म्हणून रेघांच्या जोडीला बनवणाऱ्याची ओळखता येणारी खूण आहे का, हे मी प्रत्येक बोल्टावर पाहिले.

मग सगळीकडे ग्रेड ८ च का लावू नये? हा मोह मलाही झाला. ग्रेड ८ ठिसूळ असतो, काचेसारखा तडकतो, असे ठामपणे सांगणारे बरेच भेटतात. ते तितकेसे खरे नाही. मानकाप्रमाणे तुटण्यापूर्वी ग्रेड ५ ने किमान १४ टक्के लांबले पाहिजे आणि ग्रेड ८ ने १२ टक्के; हा फरक काही काच आणि पोलाद यांच्यातला नाही. खरी अडचण वेगळी आहे. ग्रेड ८ चा फायदा घ्यायचा तर त्याला त्याच्या ताकदीप्रमाणे अधिक आवळावे लागते, आणि तसे आवळले की ज्या नटात तो जातो, ज्या पत्र्यावर त्याचे डोके टेकते, ते त्या दाबासाठी बनवलेले नसतात. एमजीबीला स्वतंत्र चासी नाही, तिची बॉडीच चासीचे काम करते, आणि तिच्यात अनेक ठिकाणी पत्र्याला वेल्ड केलेले नट आहेत. त्यात ग्रेड ८ घालून जोराने आवळला तर बोल्टाला काही होणार नाही. नटाचे आटे जातील किंवा वेल्ड उखडून नट पोकळीत गरगर फिरत बसेल. आणि ग्रेड ५ इतकेच आवळायचे असेल तर ग्रेड ८ घेऊन मिळवले काय? कंपनीने जिथे 'एस' दिला तिथे मी ग्रेड ५ ठेवला, आणि जिथे मुळातच वरची प्रत होती तेवढ्याच जागी ग्रेड ८ घेतला.

आता लांबी. जाडी, आटे आणि प्रत जुळल्यावर लांबी म्हणजे किरकोळ गोष्ट, असे मला वाटे. सर्वांत जास्त बोल्ट परत करावे लागले ते याच कारणाने. बोल्टाची लांबी डोक्याखालून टोकापर्यंत मोजतात, पण महत्त्वाचा असतो तो त्यातला बिनआट्यांचा, गुळगुळीत दांडा. ज्या जोडात दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकू पाहतात, तिथे त्यांच्या सांध्यावर गुळगुळीत दांडा यायला हवा. आट्यांच्या तळाशी बोल्टाची जाडी कमी असते आणि प्रत्येक खाचेच्या तळाशी ताण एकवटतो. शिवाय आट्यांची टोके भोकाच्या कडेत रुततात, हळूहळू कड कुरतडतात आणि जोड ढिला होतो. दुसऱ्या बाजूने दांडा प्रमाणाबाहेर लांब असेल तर नट आट्यांच्या शेवटाला जाऊन थांबतो, हाताला घट्ट लागतो, आणि जोड मात्र मोकळाच राहतो.

इंचाच्या बोल्टांत सहा इंच लांबीपर्यंत आट्यांचा भाग जाडीच्या दुपटीहून पाव इंच अधिक असतो. ५/१६ च्या बोल्टाला म्हणजे ७/८ इंच आटे. त्यामुळे एक इंची बोल्टाला जवळजवळ दांडाच उरत नाही, आणि पावणेदोन इंची बोल्टाला ७/८ इंच दांडा मिळतो. हे कळल्यावर मी प्रत्येक जोडाची जाडी व्हर्नियरने मोजली, त्यात वॉशरची जाडी मिळवली, आणि त्यावरून दांडा किती हवा, नटाबाहेर किमान दोन आटे दिसण्यासाठी एकूण लांबी किती हवी, असा हिशेब वहीत मांडला. काही ठिकाणी योग्य दांड्याचा बोल्ट हव्या त्या एकूण लांबीत मिळेना. तेव्हा पुढच्या लांबीचा घेऊन टोक कापले आणि कानशीने कड उतरवली. स्टिअरिंगच्या दांड्याला सांध्याशी धरणारा बोल्ट हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. तो बोल्ट दांड्यावर कोरलेल्या खाचेतून आडवा जातो, म्हणजे चिमटा आवळण्याबरोबरच दांडा निसटू नये म्हणून अडसराचेही काम करतो. माझ्या गाडीत त्या जागी पूर्ण आट्यांचा स्क्रू सापडला. खाचेच्या कडेवर त्याने लावलेले दात अगदी मोजता येत होते.

अ‍ॅल्युमिनियमच्या भागांत जिथे थेट आटे पाडलेले असतात, तिथे हिशेब पुन्हा बदलतो. पोलादात बोल्टाच्या जाडीइतके आटे गुंतले तरी पुरतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये दीड ते दोन पट हवेत, आणि तेही भरड. म्हणूनच जुन्या इंजिनांवरच्या कित्येक स्टडांचे, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या बिनडोक्याच्या दांड्यांचे, धातूत रुतणारे टोक यूएनसी आणि नटाकडचे टोक यूएनएफ असते. असा स्टड उलटा घालणारा माणूस मी पाहिला आहे. रोज आरशात पाहतो.

नटाला आपण बोल्टाच्या शेपटीएवढाच मान देतो, पण त्याचीही प्रत असते आणि ती बोल्टाच्या तोडीची हवी. जास्त आवळल्यावर काही तुटायचेच असेल तर बोल्ट तुटलेला बरा, कारण ते लगेच दिसते. नटाचे आटे अर्धवट फाटले तर जोड वरून शाबूत दिसतो आणि रस्त्यावर सुटतो. म्हणून ग्रेड ५ बोल्टाला त्याच प्रतीचा नट घेतला. नायलॉनच्या कड्याचे लॉक नट सस्पेन्शनमध्ये वापरले, प्रत्येक वेळी नवे. एक्झॉस्टच्या आसपास मात्र त्यांना स्थान नाही; साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पुढे नायलॉन ढिले पडते. तिथे पितळेचे नट लावले, कारण ते गंजून स्टडाला चिकटत नाहीत.

स्प्रिंग वॉशरविषयी माझे मत बदलायला वेळ लागला. मूळ गाडीत ते जागोजागी आहेत आणि त्यांच्याशिवाय जोड उघडावाघडा वाटतो. पण नीट आवळलेल्या ग्रेड ५ बोल्टाखाली तो वॉशर पूर्ण सपाट होतो आणि उरते ती एक चिरलेली चकती. गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली आडव्या कंपनांखाली नट कसे सैल होतात हे यंत्रावर दाखवले, आणि तशा चाचण्यांत स्प्रिंग वॉशर नटाला फारसे रोखत नाही हे वारंवार दिसले आहे. कमी भाराच्या, दिसणाऱ्या जागी मी ते मूळ रूपासाठी ठेवले. भाराच्या जागी कठीण पोलादाचे सपाट वॉशर आणि लॉक नट घेतले. मऊ वॉशर मुद्दाम टाळले, कारण डोके त्यात हळूहळू रुतते आणि मोठ्या मुश्किलीने आणलेला ताण तेवढ्याने निघून जातो. ब्रेक कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेकची तबकडी चिमटीत धरणाऱ्या भागाच्या, बोल्टांना मात्र कान दुमडण्याची लॉक पट्टी होती तशीच, पण नवी लावली.

स्टेनलेसचा मोह मोठा, कारण ते वर्षानुवर्षे चमकते. नेहमीच्या ए२-७० प्रतीचा स्टेनलेस बोल्ट ४५० मेगापास्कलला कायमचा लांबू लागतो, ८.८ ची मर्यादा ६४० आहे. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस नट आवळताना आटे एकमेकांना जणू वेल्ड होऊन बसतात, मग तो ना पुढे जातो ना मागे. नंबर प्लेट, दिव्यांच्या कडा, आतली सजावट यांसाठी मी तो आनंदाने वापरला. स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि ब्रेक यांच्या जवळपासही आणला नाही.

जुन्या बोल्टांच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. माथ्यावर नाव असलेले मूळ बोल्ट इंजिनाच्या खणात दिसायला सुंदर दिसतात, म्हणून ते परत वापरायचे ठरवून मी सगळे गंज काढण्यासाठी रात्रभर आम्लात बुडवून ठेवले. आम्ल लोखंडाशी झुंजताना हायड्रोजन सोडते. तो पोलादात शिरतो, आणि पोलाद जितके कठीण तितका ते पुढे ताणाखाली, कधी काही तासांनी तर कधी काही दिवसांनी, काही सूचना न देता तडकण्याचा धोका वाढतो. मध्यम प्रतीच्या बोल्टांत हा धोका फारसा नसतो, १०.९ आणि त्याहून अधिक १२.९ यांच्यासारख्या कठीण बोल्टांत तो खरा असतो, म्हणूनच तसे बोल्ट मुलामा दिल्यावर भट्टीत तापवून हायड्रोजन काढतात. माझ्या ढिगात दोन्ही प्रती मिसळलेल्या होत्या. वरच्या प्रतीचे सगळे बाजूला काढले, आणि उरलेल्यांपैकी फक्त कमी भाराच्या जागचे परत लावले. पुढच्या खेपेस तारेचा ब्रश आणि सबुरी.

जोडणीच्या दिवशी टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर आला की 'कट्' असा आवाज करणारा पाना, आणि कंपनीचे मॅन्युअल समोर ठेवून बसलो. आपण पान्यावर जो जोर लावतो त्यातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि केवळ दहावा हिस्सा बोल्ट ताणायला उरतो. म्हणून घर्षणात झालेला लहानसा बदल ताणात मोठा होऊन उतरतो. ५/१६ यूएनएफ ग्रेड ५ चेच घ्या. कोरड्या आट्यांवर १९ फूट-पौंड दिले तर बोल्टात साधारण ३,७०० पौंडांचा, म्हणजे जवळजवळ १,७०० किलोंचा ताण येतो, प्रूफ भाराच्या पाऊणपट. त्याच आट्यांना ग्रीस फासून तेच १९ फूट-पौंड दिले तर ताण ४,९०० च्या घरात, थेट प्रूफ भारापाशी पोचतो. मी आजवर प्रत्येक आट्याला कौतुकाने तांब्याचे ग्रीस लावत आलो होतो आणि पान्यावरचा आकडा मात्र कोरड्याचा धरत होतो. या वेळी मॅन्युअलमध्ये वेगळे सांगितले नसेल तिथे आटे धुऊन कोरडे ठेवले. खालच्या विशबोनचे रबरी बुशांचे नट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळले, नाहीतर रबर कायम पिळलेले राहते. आवळून झालेल्या प्रत्येक नटावर वा बोल्टाच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली, म्हणजे नट फिरला तर रेघ मोडलेली दिसेल.

आवाज गेला. पाचशे किलोमीटर चालवून गाडी पुन्हा उचलली, तर सगळ्या रेघा सरळ होत्या. तरीही खात्रीसाठी टॉर्क पाना फिरवत गेलो आणि डाव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या एका नव्या बोल्टापाशी, जिथून हे सगळे सुरू झाले त्याच्या शेजारीच, पाना 'कट्' म्हणण्याआधी डोके जवळजवळ अष्टमांश फेरा फिरले. रेघ खोटे बोलली नव्हती. बोल्ट स्वतःहून फिरलाच नव्हता. सोडून पाहिले तेव्हा वॉशरच्या कडेने रंगाची एक बारीक वाटोळी कड बाहेर आलेली दिसली. बीमला मी हौसेने जाड पावडर कोटिंग करून घेतले होते, आणि बोल्टाच्या दाबाखाली तो रंग हळूहळू बाजूला सरकून ताण खाऊन बसला होता. सगळे बोल्ट पुन्हा काढले, वॉशर आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर टेकतात तेवढ्या जागांवरचा रंग उघड्या धातूपर्यंत खरवडला, गंज धरू नये म्हणून प्रायमरचा अगदी पातळ हात दिला, आणि वाळल्यावर बोल्ट परत आवळून जुनी रेघ पुसली व नवी ओढली.